सर्टिफिकेट नवं, साइट जुनीच

सकाळी सातच्या आत फोनवर तीन मेसेज येऊन पडले होते. तिघांचं म्हणणं एकच: साइट उघडायला गेलं की ब्राउझर इशाऱ्याची पाटी दाखवतो आणि परत फिरा म्हणतो. एका छोट्या संस्थेची साइट मी मोकळ्या वेळात सांभाळते. सांभाळते म्हणजे मजकूर बदलते, फोटो चढवते. सर्टिफिकेट, म्हणजे ही साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणारा मुदतीचा डिजिटल दाखला, हे खातं माझ्याकडे नव्हतंच. ते ज्यांच्याकडे होतं ते गृहस्थ केव्हाच दुसरीकडे गेले होते, आणि मुदत संपत आल्याच्या सूचना त्यांच्या बंद पडलेल्या मेलबॉक्सवर इमानेइतबारे जात राहिल्या होत्या.

सर्व्हरचा पासवर्ड मात्र माझ्याकडे होता. म्हणून सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे.

लॉगिन केलं, सर्टिफिकेटांचं फोल्डर शोधलं आणि आत पाहिलं तर फायलींची जत्रा. ‘नवीन’, ‘नवीन२’, ‘फायनल’, ‘फायनल_खरं’, आणि एकीला तर एक्स्टेन्शनच नाही. कुठली किल्ली, कुठलं सर्टिफिकेट, कुठली विनंती, काही पत्ता लागेना. (प्रायव्हेट की, पब्लिक की हे शब्द तोंडी ठीक आहेत, पण मराठीत लिहायला बसलं की ‘की’ आणि ‘की’ यांचा घोळ होतो. म्हणून मी सरळ किल्लीच म्हणते. किल्ल्या जोडीने येतात: खाजगी आपल्याकडेच राहते, सार्वजनिक सर्टिफिकेटात जाते.) शेवटी एका काकांना फोन केला. आयुष्यभर सर्व्हर सांभाळून निवृत्त झालेले आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतात.

“नावावर जाऊ नकोस,” ते म्हणाले. “फाइल उघड आणि पहिली ओळ वाच. पाच आडव्या रेघा, मग ‘बिगिन’ आणि पुढे काय आहे ते लिहिलेलं असतं.”

खरंच होतं. पीईएम, म्हणजे किल्ल्या आणि सर्टिफिकेटं मजकुराच्या रूपात ठेवणारी, फाइल स्वतःची ओळख पहिल्याच ओळीत देते: सर्टिफिकेट, सर्टिफिकेट रिक्वेस्ट किंवा प्रायव्हेट की. त्याखाली अगम्य अक्षरांचा ठोकळा असतो, पण ते एन्क्रिप्शन नव्हे, नुसतं बेस६४ आहे, म्हणजे बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत. मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. जवळजवळ प्रत्येक ठोकळा ‘एम-आय-आय’ या तीन अक्षरांनीच सुरू होत होता. आतल्या रचनेची सुरुवातच ठरलेली असते, पुढे लांबी दोन बाइटांत येते, आणि त्या बाइटांचं बेस६४ केलं की हीच अक्षरं पडतात. उपयोग काही नाही, पण आता कुठेही ही अक्षरं दिसली की मान आपोआप वळते.

मग ओपनएसएसएल. १९९८ पासून चालत आलेलं, किल्ल्या आणि सर्टिफिकेटं बनवायचं नि तपासायचं हे साधन म्हणजे शेकडो पर्यायांचं जंगल आहे. त्यात ‘एक्स५०९’ ही उपआज्ञा सर्टिफिकेट वाचून दाखवते: कोणाच्या नावे, कोणी दिलं, कधीपासून कधीपर्यंत. ‘फायनल_खरं’ आदल्या रात्रीच संपलं होतं. ‘फायनल’ त्याच्या आधीच्या वर्षीचं. ‘नवीन’ सगळ्यांत जुनं.

जुन्याच किल्लीवर नवं सर्टिफिकेट मागता येतं. काकांनी नको म्हटलं. “ती किल्ली कोणाकोणाच्या लॅपटॉपवर गेली असेल, तुला माहीत आहे का? मग नवीनच कर.” केली. पहिल्या प्रयत्नात ओपनएसएसएलने पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा पासवर्ड, मागितला, मी शहाण्यासारखा भलामोठा दिला, आणि काकांनी विचारलं, “सर्व्हर मध्यरात्री बंद होऊन परत सुरू झाला तर तो टाइप करायला तू बसणार आहेस का?” किल्लीला पासफ्रेज असला की वेब सर्व्हर सुरू होताना तो मागतो आणि मिळेपर्यंत अडून राहतो. दुसऱ्यांदा ‘नोड्स’ असा पर्याय दिला. मी तो कितीतरी दिवस क्लस्टरमधल्या नोड्सशी, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांशी, संबंधित समजत होते. तो आहे ‘नो डीईएस’ (डीईएस ही एन्क्रिप्शनची जुनी पद्धत), म्हणजे किल्ली एन्क्रिप्ट न करता ठेव. ओपनएसएसएल ३ मध्ये त्याला ‘नोएन्क’ असं समजण्याजोगं नाव मिळालं आहे.

पासफ्रेज नाही म्हटल्यावर त्या फाइलीचं रक्षण फक्त परवानग्यांवर. म्हणून किल्ली तयार करण्याच्या आधी ‘युमास्क’ (नव्या फायलींच्या परवानग्या ठरवणारी सेटिंग) ०७७ करायचा, म्हणजे फाइल जन्मतःच फक्त मालकाला वाचता येते. नंतर परवानग्या बदलणाऱ्या ‘सीएचमॉड’ने ६०० केलं तरी चालतं, पण मधले काही क्षण ती उघडी असते. काकांना ते काही क्षणही खपत नाहीत.

आता सीएसआर, म्हणजे सही करून देण्यासाठीचा अर्ज. त्यात आपली सार्वजनिक किल्ली, साइटचं नाव आणि आपल्याकडे खाजगी किल्ली आहे याचा पुरावा म्हणून त्याच किल्लीने केलेली सही असते. खाजगी किल्ली अर्जात जात नाही, कुठेच जात नाही. हे इतकं मुळातलं आहे, पण त्या दिवसापर्यंत मला ते नीट कळलं नव्हतं. सर्टिफिकेट विकणाऱ्या काही साइट्स ‘आम्हीच किल्ली बनवून देतो’ म्हणतात तेव्हा ती सोय नसते, हेही त्यातूनच कळलं.

अर्जात मी ‘कॉमन नेम’च्या रकान्यात साइटचं नाव लिहिलं आणि मोकळी झाले. काकांनी तो वाचून दाखवायला लावला. “पर्यायी नावं कुठे आहेत?” क्रोमने २०१७ मध्ये ५८ व्या आवृत्तीपासून कॉमन नेमकडे बघणंच सोडलं. ब्राउझर नाव शोधतो ते ‘सब्जेक्ट आल्टरनेटिव्ह नेम’ या यादीत. आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेलं नाव आणि न लावलेलं नाव ही त्याच्या लेखी दोन वेगळी नावं. ‘ॲडएक्स्ट’ हा पर्याय वापरून दोन्ही घातली, अर्ज परत वाचला आणि पाठवला. डोमेन आपलंच आहे हे सिद्ध करायला डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या पत्त्यांच्या नोंदवहीत, एक टीएक्सटी (मजकुराची) नोंद टाकायची होती, ती टाकली. तासाभरात झिप फाइल मिळाली.

झिपमध्ये दोन फायली होत्या, एक आमचं सर्टिफिकेट आणि एक ‘बंडल’. दोन्ही एकाखाली एक जोडून एक फाइल करा, अशी सूचना. ‘कॅट’ या आज्ञेने जोडल्या, एनजिनएक्स या आमच्या वेब सर्व्हरच्या सेटिंगची चाचणी चालवली, तर उत्तर आलं: ‘बॅड एंड लाइन’. मी फाइल उघडून शंभर वेळा बघितली असेल. दिसायला सगळं ठीक. घाई होती, लोक फोन करत होते. बंडल काढून टाकलं, नुसतं सर्टिफिकेट ठेवलं, परत चाचणी. या वेळी ‘की व्हॅल्यूज मिसमॅच’. सेटिंगमध्ये किल्लीचा पत्ता जुन्याच फाइलीचा राहिला होता.

किल्ली आणि सर्टिफिकेट एकमेकांचे आहेत का, हे तपासायला इंटरनेटवर जागोजागी मॉड्युलसची, म्हणजे आरएसए प्रकारच्या किल्लीतल्या एका मोठ्या संख्येची, तुलना सांगितलेली सापडते. आरएसए किल्लीला ती लागू पडते. माझी होती दुसऱ्या प्रकारची, पी-२५६ ची, लंबवर्तुळी वक्रावरची. तिला मॉड्युलस नसतोच. दोन्हीकडून सार्वजनिक किल्ली काढायची आणि तिचा एसएचए-२५६ ठसा (मजकुरावरून निघणारी ठरावीक लांबीची खूण) जुळतो का बघायचं, ही पद्धत दोन्ही प्रकारांना चालते. नवीन किल्लीचा ठसा जुळला, पत्ता बदलला, चाचणी पास, रीलोड (म्हणजे सर्व्हरला सेटिंग परत वाचायला लावणं). ब्राउझरमध्ये साइट उघडली. मी चहा ठेवायला उठले.

दुसऱ्या दिवशी एकाचा फोन: “माझ्या मोबाइलवर अजून तेच दिसतंय.” माझ्याकडे छान चालत होतं, त्यामुळे मी ‘कॅशे साफ करा’ हा ठेवणीतला सल्ला दिला. मग दुसऱ्याचा फोन. मग आमच्या साइटवरून यादी उचलणारी एक स्क्रिप्ट बंद पडली, ती चालवणाऱ्याने कर्लची (टर्मिनलवरून वेब पत्ते उघडणाऱ्या साधनाची) त्रुटी जशीच्या तशी पाठवली: सर्टिफिकेट देणारा सापडत नाही.

इथे मला ओपनएसएसएलची ‘एस_क्लायंट’ ही आज्ञा भेटली, आणि आजवर तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही भेटलेलं नाही. ती ब्राउझरच्या जागी उभी राहून सर्व्हरशी बोलते आणि त्याने काय काय दाखवलं ते सगळं ओकते. पहिल्यांदा चालवली तेव्हा ती अडकली असं वाटून मी दोनदा टर्मिनल बंद केलं. ती अडकलेली नसते, आपण काहीतरी टाइप करू म्हणून वाट बघत असते. इनपुट म्हणून ‘डेव्ह नल’ ही कायम रिकामी फाइल दिली की गुमान संपते. ‘सर्व्हरनेम’ हा पर्यायही हाताने लिहायची सवय लावली. एका पत्त्यावर अनेक साइट असतात तिथे नाव पोचलं नाही तर सर्व्हर भलत्याच साइटचं सर्टिफिकेट पुढे करतो, आणि जुन्या ओपनएसएसएलमध्ये ते आपोआप जात नसे.

तळाशी लिहिलं होतं: तपासणीचा कोड २१, पहिल्याच सर्टिफिकेटची खात्री पटत नाही.

आमचं सर्टिफिकेट सही केलं होतं मधल्या संस्थेच्या सर्टिफिकेटने, त्यावर सही होती मूळ संस्थेची, आणि ब्राउझरांच्या भरवशाच्या यादीत असतं ते फक्त मूळ. मधला दुवा दाखवणं सर्व्हरचं काम. तो दुवा त्या बंडलमध्ये होता, जे मी घाईत फेकलं होतं. मग माझ्या ब्राउझरमध्ये कसं चाललं? काही ब्राउझर दयाळू असतात. मधलं सर्टिफिकेट कुठे मिळेल याचा पत्ता आमच्या सर्टिफिकेटात लिहिलेला असतो, तिथून ते स्वतः आणतात, किंवा पूर्वी कधी पाहिलेलं जपून ठेवतात. कर्ल साधारणपणे या फंदात पडत नाही. म्हणजे दुखणं झाकणारा माझा ब्राउझर होता, आणि खरं बोलणाऱ्यांना मी कॅशे साफ करायला सांगत होते.

‘बॅड एंड लाइन’चं कोडंही तेव्हा सुटलं. पहिल्या फाइलीच्या शेवटी नवी ओळ नव्हती. त्यामुळे जोडताना पहिल्याची ‘एंड’ची ओळ आणि दुसऱ्याची ‘बिगिन’ची ओळ एकमेकींना चिकटल्या होत्या. मध्ये एक एंटर मारला आणि झालं! दीड दिवसाचा मनस्ताप एका एंटरचा. ‘एक्स५०९’ने ही जोडफाइल वाचली तर ती फक्त पहिलं सर्टिफिकेट दाखवते, आतली बाकीची आहेत की नाहीत याबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणून साखळी बघायची तर एस_क्लायंटला ‘शोसर्ट्‌स’ सांगून सर्व्हरकडूनच बघायची.

दोन आठवड्यांनी सर्व्हरचे लॉग चाळताना एक ओळ दिसली. आमच्या साइटवरून कोणीतरी ‘बॅकअप’ नावाची झिप मागितली होती आणि सर्व्हरने ती २०० (म्हणजे ‘सापडली, घ्या’) असं म्हणून आदबीने दिली होती.

ती झिप मीच केली होती. काम संपल्यावर सगळं फोल्डर माझ्या संगणकावर उतरवून घ्यायचं होतं, सोपं पडावं म्हणून ती साइटच्याच फोल्डरमध्ये ठेवली, ब्राउझरने उतरवली, आणि पुसायची राहिली. आत नवी किल्ली होती. बॅकअप, साइट, डेटा अशी नावं लावून झिप मिळते का बघत फिरणारे बॉट रोजचेच असतात, आणि मी नावही तेच दिलं होतं.

काकांना सांगायची लाज वाटली, पण सांगितलं. ते रागावले नाहीत. “२०१४ चा एप्रिल आठवतो,” म्हणाले. हार्टब्लीडचा काळ. ओपनएसएसएलच्या १.०.१ मालिकेतल्या त्या चुकीमुळे सर्व्हरच्या स्मृतीतले ६४ केबीपर्यंतचे तुकडे कोणालाही परत परत मागून घेता येत होते, आणि त्यात खाजगी किल्लीही निघू शकत होती. “तेव्हा काही जणांनी धावपळ करून नवं सर्टिफिकेट घेतलं, पण त्याच जुन्या किल्लीवर. कुलूप बदललं असं वाटलं, बदलली होती फक्त नावाची पाटी.”

तेव्हा आधी नवी किल्ली, नवा अर्ज, नवं सर्टिफिकेट, ते चढवून एस_क्लायंटने खात्री, आणि मग जुनं रद्द करण्याची मागणी, कारणाच्या जागी ‘की कॉम्प्रोमाइज’. किल्ली फुटल्याचा पुरावा मिळाला की देणाऱ्या संस्थेला २४ तासांत सर्टिफिकेट रद्द करावं लागतं, तसा नियम आहे. तसं झालंही. पण रद्द झालेलं प्रत्येक ब्राउझर लगेच ओळखेलच असं नाही, हे काकांनी हळूच सांगितलं तेव्हा झोप उडाली. दिलासा एवढाच की टीएलएस १.३ मध्ये, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधला संवाद एन्क्रिप्ट करणाऱ्या नियमावलीत, प्रत्येक जोडणीची गुपितं तात्पुरत्या किल्ल्यांनी ठरतात. आमची किल्ली हाती लागलेला माणूस आमचं सोंग घेऊ शकला असता, पण पूर्वी टिपून ठेवलेला संवाद त्या किल्लीने उलगडू शकला नसता.

एवढं सगळं हाताने दोनदा करून झाल्यावर माझी हौस फिटली. शिवाय मुदतीही आक्रसत चालल्या होत्या. सप्टेंबर २०२० पासून सर्टिफिकेट जास्तीत जास्त ३९८ दिवसांचं. ब्राउझरवाले आणि सर्टिफिकेटवाले यांच्या मंचाने २०२५ मध्ये पुढचं वेळापत्रक ठरवलं: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १००, आणि २०२९ पासून फक्त ४७. दर दीड महिन्याला कॅट आणि एंटरचा खेळ कोण खेळणार?

मग लेट्स एन्क्रिप्ट ही सर्टिफिकेट देणारी संस्था आणि तिच्याकडून ते आणणारा सर्टबॉट हा प्रोग्राम. सर्टिफिकेट ९० दिवसांचं, फुकट, आणि मागणं, सिद्ध करणं, उतरवणं सगळं एसीएमई नावाच्या ठरलेल्या शिष्टाचाराने यंत्रं आपसांत करतात. सर्टबॉट एक फाइल साइटवर ठेवतो, समोरचा ८० क्रमांकाच्या पोर्टवरून ती येऊन बघतो, पटली की सर्टिफिकेट देतो. आमच्याकडे ८० चा पोर्ट मीच ‘सुरक्षेसाठी’ बंद करून ठेवला होता. पाच वेळा तीच आज्ञा तशीच चालवली आणि पाचव्यानंतर उत्तर आलं की तासाभरात फार वेळा चुकलात, आता थांबा. सरावासाठी त्यांचा वेगळा स्टेजिंग सर्व्हर असतो, तिथे मर्यादा बऱ्याच सैल असतात. तो आधी वापरायचा असतो, हे अर्थातच नंतर वाचलं.

पोर्ट उघडला, सर्टिफिकेट आलं. टायमर दिवसातून दोनदा जागा होतो आणि ३० दिवस उरले की नवं आणतो. मी पोळलेली होते, त्यामुळे वर एक स्क्रिप्टही लिहिली: ‘एक्स५०९’च्या ‘चेकएंड’ या पर्यायाला सेकंद द्यायचे, तेवढ्यात मुदत संपणार असेल तर आज्ञा अपयशाचा कोड परत करते, आणि मग मला मेल. रोज सकाळी चालायची. कधी मेल आला नाही. मी सुखात.

एकदा सहज काकांना ती स्क्रिप्ट दाखवली. त्यांनी वाचली आणि विचारलं, “ही फाइलीला विचारते. सर्व्हरला कोण विचारतं?”

मी जरा चिडूनच एस_क्लायंट चालवलं. फाइल म्हणत होती ६७ दिवस बाकी. सर्व्हर म्हणत होता ७.

सर्टबॉटने ६० व्या दिवशी नवं सर्टिफिकेट नीट आणून ठेवलं होतं. पण एनजिनएक्स सुरू होताना सर्टिफिकेट वाचतो आणि स्मृतीत धरतो. डिस्कवर फाइल बदलली म्हणून परत वाचत नाही. रीलोड करा असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सर्टबॉटचा एनजिनएक्सवाला प्लगइन हे स्वतः करतो, मी वापरली होती वेबरूट पद्धत, ती फक्त सर्टिफिकेट आणते. आणि आमचा सर्व्हर इतका गुणी की त्या दिवसांत एकदाही बंद पडला नव्हता. पडला असता तर परत उठताना नवं सर्टिफिकेट उचललं असतं, आणि मला हे कळलंच नसतं.

सर्टबॉटच्या ‘डिप्लॉय हुक’मध्ये एक ओळ टाकली: सर्टिफिकेट खरंच नवं आलं असेल तरच आधी सेटिंगची चाचणी, पास झाली तर रीलोड. स्क्रिप्टही बदलली. आता ती फाइलीकडे बघतच नाही. बाहेरच्या एका दुसऱ्याच यंत्रावरून एस_क्लायंटने साइटला विचारते, येईल ते सर्टिफिकेट ‘एक्स५०९’कडे देते, दिवस मोजते, आणि साखळीचा कोड शून्य नसला तरी ओरडते. उत्तरच आलं नाही तरी ओरडते; पहिल्या खर्ड्यात तेवढं राहिलं होतं आणि रिकाम्या उत्तराला ती ‘सगळं ठीक’ समजत होती.

कधीच न वाजलेल्या भोंग्यावर माझा आता विश्वास नाही. बॅडएसएसएल नावाची एक साइट आहे, तिथे मुद्दाम बिघडवलेली सर्टिफिकेटं मांडून ठेवली आहेत: मुदत संपलेलं, चुकीच्या नावाचं, मधला दुवा नसलेलं. महिन्यातून एकदा स्क्रिप्टला आमच्या साइटऐवजी तिथल्या मुदत संपलेल्या पत्त्यावर पाठवते. मिनिटभरात मेल येतो, ‘सर्टिफिकेट संपलं आहे’. तो वाचते, पुसते, आणि पत्ता परत आमचा करते. मागच्या महिन्यात पत्ता परत करायचा विसरले. रोज सकाळी मेल येत राहिला, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं.